तळव्यांचा रकाना

यादोराव बारापात्रे यांनी आपल्या भाचीला कधी पाया पडू दिलं नव्हतं. भंडाऱ्याकडे त्यांच्या घराण्यात रीतच तशी. भाची पाळण्यातली असो की पन्नाशीची, मामानेच तिच्या पाया पडायचं. मृणालीचे वडील गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. मामा तिला आणि तिच्या आईला आपल्या घरी घेऊन आले आणि सगळी गल्ली बघत असताना उंबरठ्यावरच त्यांनी त्या चिमुरडीच्या पायांवर डोकं टेकवलं. पुढे ती नर्सिंगच्या होस्टेलला निघाली तेव्हा एसटी स्टँडवर, चारचौघांत, पुन्हा तेच. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण ती स्वतः कधी वाकली की मामा विंचू दिसल्यासारखे मागे सरायचे.

"पाप लावतेस का मले?"

रीत भाबडी असेल, पण तिने आजवर कोणाचं वाईट केलं नव्हतं.

मामा पितळेची भांडी घडवायचे. स्टीलला कंटाळून लोक पुन्हा पितळेकडे वळले होते, त्यामुळे भट्टी बरी चालली होती. त्यांचा कान असा तिखट, की घडवलेल्या घागरीला टिचकी मारून ती कुठे चिरलीय ते डोळे मिटून सांगत. "चांगल्या भांड्याचा एक आवाज येते," म्हणायचे, "चिरलेल्याचे दोन." अशा माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी भट्टीसमोरच छातीत कळ आली. जीव वाचला, पण हृदयाचा डावीकडचा तळहाताएवढा भाग मेला. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. एरवी अशा माणसाला डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि देवाचं नाव घ्यायला सांगतात. यादोरावांचं नशीब एवढंच, की मृणाली ज्या हॉस्पिटलात नोकरीला होती तिथे त्याच वर्षी पत्त्याची सुई आली होती.

हे नाव लोकांनी ठेवलेलं. मुळात गोष्ट अशी आहे: कातडी कापली तर नवी येते, हाड मोडलं तर सांधतं, पण हृदयाचा स्नायू मेला की मेला. त्या जागी शरीर एक चट्टा विणतं. चट्टा म्हणजे ठिगळ. ते फाटलेलं झाकतं, पण धडधडत नाही. त्या चट्ट्यातल्या पेशींनाच फितवून त्यांचा पुन्हा स्नायू करणारं औषध शास्त्रज्ञांना सापडलं होतं. प्रश्न एवढाच होता, की ते नेमकं तिथे पोचवायचं कसं? रक्तात सोडलं तर ते अंगभर फिरणार आणि नको तिथे उत्पात करणार.

त्यावर तोडगा निघाला पेप्टाइडचा. प्रथिनं ज्या मण्यांची बनतात त्याच मण्यांची ही छोटीशी माळ, अवघ्या नऊ मण्यांची. मण्यांचा क्रम असा बसवलेला, की धडधाकट पेशीला ती चिकटतच नाही. पेशींना इजा झाली की एरवी आत दडलेलं एक प्रथिन उघडं पडतं, आणि ही माळ नेमकी त्यालाच जाऊन बिलगते. माळेच्या शेपटाला औषधाची पुडी बांधलेली असते, ती तिथेच, नेमक्या पत्त्यावर, सुटते. चट्ट्यात रक्तवाहिन्या कमी असतात, म्हणून ह्या नव्या पेशींना अर्धपोटी जगायलाही शिकवलेलं होतं. प्राणवायू तुटला तरी त्या तासन् तास तग धरत.

अटी दोन होत्या. सुई आयुष्यात एकदाच. दुसऱ्या वेळी शरीर त्या माळेला ओळखतं आणि वाटेतच तिचा फडशा पाडतं. आणि दुसरी अट जास्त वाईट. माळेला हृदय कळत नाही. तिला फक्त जखम कळते, आणि जखम जितकी ताजी तितकी ती आधी तिथे धावते.

म्हणून त्या वॉर्डात दाढी नव्हती, कडक पोळी नव्हती, दातांचा ब्रशसुद्धा नव्हता. आणि सुई देण्याआधी अंगवाचन असे. एक यंत्र पेशंटला काचेच्या चौथऱ्यावर उभं करून नखशिखांत तपासायचं, साधा डासाचा चावाही सोडायचं नाही. पण उभ्या माणसाचे तळवे त्याच्या स्वतःच्या वजनाखाली दाबलेले असतात, तिथे यंत्राचं काही चालत नसे. तेवढे तळवे नर्सने हाताने चाचपायचे आणि फॉर्मवरच्या शेवटच्या रकान्यात खूण करायची. मृणालीचं वाचन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं डॉक्टर पिंपळापुरे मॅडम सगळ्यांना सांगत. नात्यातल्या माणसाचं अंगवाचन करू नये, असा नियम कोणाला सुचलाच नव्हता.

त्या मंगळवारी यंत्राने यादोरावांना पास केलं. मृणाली हातमोजे घालून खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली, तसे त्यांनी पाय पोटाशी ओढून घेतले.

"तिथे कायले बसली? इकडे ये, उशाजवळ."

"मामा, तळपाय बघायचेत. एक मिनिटाचं काम."

"भाचीच्या हातून पाय शिवून घेऊ? मरायच्या आधी नरकात पाठवतेस का?"

"हे हॉस्पिटल आहे, मामा."

"हॉस्पिटलात नातं बदलते का वो?"

ती हसली. दुसऱ्या कोणाला तरी बोलवावं, असं तिच्या मनात आलं. पण दुसरी सिस्टर शेजारच्या वॉर्डात अडकली होती, सुई बर्फातून काढलेली होती आणि तासाभरात ती द्यायलाच हवी होती. मामा पांघरूण घट्ट धरून बसले होते. हट्टाला पेटले की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत.

"बरं, पायाला कुठे काही लागलंय? खरं सांगा."

"काही नाई लागलं. देवाशपथ."

ते खोटं बोलत नव्हते, आणि हे तिला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मृणालीने शेवटच्या रकान्यात खूण केली: तळव्यांना जखम नाही. वाचक म्हणून खाली सही ठोकली.

चौथ्या दिवशी सकाळी ती वॉर्डात आली तेव्हा मामा खिडकीकडे तोंड करून कान देऊन बसले होते. घागर तपासताना बसायचे तसेच.

"बाई, ह्या टाचेत कोणी तरी ठोकून रायलं."

"मुंग्या आल्या असतील."

"मुंग्या ठोकत नाईत. अन् ताल पाह्य ना. छाती येगळं म्हणते, टाच येगळं म्हणते."

 मृणाली तडक बाहेर आली. व्हरांड्यात पार्बतामामी मऊ भाताचा डबा घेऊन बसल्या होत्या. मामींना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, भरती व्हायच्या आधी मामांच्या पायाला काही केलं होतं का?

"काही नाई वो. भेगा किती होत्या, तुले तर माहीत आहे, भट्टीसमोर उभं राहून राहून," मामी कौतुकाने सांगू लागल्या. "म्हटलं एवढे मोठे डॉक्टर पाहतीन, असे फाटके पाय घेऊन कसं जायचं? आदल्या दिवशी बिब्बा सुईले टोचला, दिव्यावर धरला, अन् एक एक भेग भरून देल्ली. मस्त बुजल्या."

"मामी, कागदावर लिहिलं होतं ना, अंगाला काही इजा करायची नाही म्हणून?"

"मग इजा कुठं केली? बिब्बा म्हणजे औषध. तुह्या पायालेही लावला होता मी, लहानपणी."

बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. वरून भेग काळी होऊन बुजते आणि आत आठ-आठ दिवस फोड धुमसत राहतो. हे मृणालीला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. तिच्या स्वतःच्या घोट्यावर तो डाग अजून होता. तिने मामींच्या हातातला डबा घेतला आणि ती वॉर्डाकडे वळली.

दुपारी जेवून मामांचा डोळा लागला, तेव्हा तिने पायथ्याचं पांघरूण वर केलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती मामांचे तळवे बघत होती. डाव्या टाचेवर बिब्ब्याच्या काळ्या रेघा होत्या, आणि त्या रेघांच्या मधली कातडी वर येत होती, खाली जात होती, पुन्हा वर येत होती. झोपलेल्या बाळाची टाळू उडते ना, तशी. तिने घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला अडतीस. मॉनिटरवर हृदयाचे ठोके होते शहाण्णव.

तिला किंचाळावंसं वाटलं. हे मामांचं काहीच नव्हतं, आणि तरी ते मामांच्या अंगात होतं. छातीत उगवायचं ते पायात उगवलं होतं आणि तिथे कोणासाठी कोण जाणे, इमानेइतबारे धडधडत होतं. आणि त्याची वाट तिने स्वतः मोकळी करून दिली होती, एका खुणेने.

"पाह्यलंस तर."

मामा जागे होते. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत, आणि याचीच तिला जास्त भीती वाटली.

"मामा, अजून वेळ आहे. औषध सात दिवस रक्तात असतं. पाय बर्फात ठेवून वरून पट्टा आवळला, तर उरलेलं तरी हृदयाकडे वळतं. मी आत्ता मॅडमला सांगते."

"अन् मंग तुले काय म्हणतीन?"

"म्हणतील ते म्हणतील."

"तू पाहून लिहिलं का न पाहता?" मामांनी विचारलं. ती पांघरूण नीट करू लागली. "मंग नौकरी जाईन तुही. सर्टिफिकेट काढून घेतीन. अन् पाप कोनाचं? माह्यं. मीच पाय देल्ले नाई. सांगजो नको, बाई. मले बरं वाटून रायलं. कालपासून धाप कमी आहे, तुही शपथ."

ही शपथ खोटी होती. तेही दोघांना कळत होतं.

तरीही ती गेली, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. मॅडमच्या केबिनपर्यंत गेली. मॅडम यादोरावांचीच तपासणी पडद्यावर लावून बसल्या होत्या.

"ये, मृणाली. वाईट वाटतंय गं मला. चौथ्या दिवशी चट्ट्याच्या कडेला थोडी तरी हालचाल दिसायला हवी होती. इथे सगळं शांत." त्यांनी चष्मा काढला. "दहात एखाद्याला लागू पडत नाही, त्यातले हे. वाचन दुसऱ्या कोणाचं असतं तर आधी अंगावर जखम शोधली असती मी. पण तुझं वाचन म्हटल्यावर तो प्रश्नच नाही."

मृणालीने तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले होते: मी तळवे बघितले नाहीत. पाच शब्दही नव्हते धड. पण मॅडम इतक्या विश्वासाने बघत होत्या, की ते शब्द आतच सुकले. नोकरी जाईल, ही भीती होती. वर्तमानपत्रात नाव येईल, हीही होती. पण सगळ्यांत मोठी भीती काळ्या दगडावरची रेघ पुसली जाण्याची होती. त्या रेघेशिवाय आपण कोण, हे तिला माहीत नव्हतं.

"हो, मॅडम," ती म्हणाली.

पाचवा दिवस गेला. सहावा गेला. रोज ती ठरवायची, आणि रोज केबिनच्या दारापाशी तिला दुसरं काही तरी काम आठवायचं. सातव्या दिवशी दुपारी रक्ततपासणीचा कागद आला: औषध शून्य. कागद हातात धरून तिला चक्क हायसं वाटलं. आता सांगूनही उपयोग नव्हता. आणि आपल्याला हायसं वाटलं, हे लक्षात आलं तेव्हा तिने तो कागद उलटा करून ठेवला.

महिन्याने मामा घरी आले. डाव्या पायात जाड मोजा, भर उन्हातही. मामींनी विचारलं तर म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय. भट्टी पुतण्याच्या हवाली केली होती, तरी ओट्यावर बसून आलेल्या भांड्यांना टिचक्या मारत. मृणाली दर रविवारी यायची. ते तिला शेजारी बसवून घेत आणि हळू आवाजात थट्टा करत.

"आता मी दोन भट्ट्यांचा मालक. एक विझली तरी दुसरी चालू."

"मामा, नका ना असं बोलू."

"काहून? खरं तेच बोललो. फक्त चिरलेल्या भांड्याचे दोन आवाज येतेत, एवढं ध्यानात ठेवजो."

रविवारागणिक त्यांचा श्वास आखूड होत गेला. पायावर सूज चढली, ओठ निळसर दिसू लागले. मोज्यातली टाच मात्र तशीच, मिनिटाला अडतीस. रात्रंदिवस तिला विश्रांती नाही, थकवा नाही. मृणालीला आता कुठेही, बसमध्ये, जेवताना, दुसऱ्याच कोणाचं अंग वाचताना, तो ताल ऐकू यायचा. ती पेशंटचे तळवे तीन-तीनदा तपासू लागली. बायाबापड्या हसत. "सिस्टर, पायात काय सोनं आहे का?"

चौथ्या महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी नऊला, पितळेच्या गुंडीला टिचकी मारायला उचललेलं बोट मामांनी खाली ठेवलं आणि ते भिंतीला टेकले. मृणाली पोचली तेव्हा गल्लीतले डॉक्टर मृत्यूचा दाखला लिहून देऊन गेले होते. तिने स्वतः बघितलं. मनगट थांबलं होतं, गळा थांबला होता, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या होत्या. यात काही शंका नव्हती.

अकरा वाजेपर्यंत अंगण भरलं. आंघोळ घालायच्या आधी घरच्यांनी पाया पडून घ्यावं, असं कोणीतरी म्हणालं. मृणाली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पेशी तासन् तास तग धरतात, हे तिला आठवलं. ती पुढे व्हायच्या आत पार्बतामामींनी मोजा काढला आणि नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

बराच वेळ त्या तशाच राहिल्या. मग त्यांनी डोकं उचललं. चेहऱ्यावर असलं काही होतं, की रडणाऱ्या बायकाही गप्प झाल्या.

"चालू हाय," मामी म्हणाल्या. "अरे, चालू हाय! जित्ते हायत! ठोके लागून रायले!"

अंगणात एकच कल्लोळ झाला. दोघे-तिघे गाडी आणायला धावले. पुतण्याने टाचेला हात लावला आणि तो ओरडला, खरंच आहे! मृणालीची आई भावाच्या तोंडावर पाणी शिंपडत "दादा, दादा" करून हाका मारू लागली. कोणी डॉक्टरच्या नावाने बोटं मोडत होतं, कोणी देवाला हात जोडत होतं. मामी मृणालीचा हात धरून तिला खेचत होत्या. "तू नर्स ना, तू सांग या लोकायले! सांग ना, काही तरी कर!"

त्या आशेकडे तिला बघवेना. अजून गप्प राहिलं असतं, तर पुढचा तासभर हे सगळे मेलेल्या माणसाला घेऊन दवाखान्यामागून दवाखाने फिरले असते. ती मामांच्या पायथ्याशी बसली. डावी टाच तिने दोन्ही हातांत धरली. आज मागे सरायला मामा नव्हते.

"मामी, मामा गेले. सकाळीच गेले."

"मंग हे काय आहे?"

"हे छातीत व्हायचं होतं. पायात झालं." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "सुई द्यायच्या आधी मी त्यांचे तळवे बघायला हवे होते. मी बघितले नाहीत, आणि बघितले म्हणून सही केली. चौथ्या दिवशी मला कळलं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित वाचले असते. मला भीती वाटली. मी सांगितलं नाही."

बिब्ब्याचं नाव तिने घेतलं नाही. पण मामी टाचेवरच्या काळ्या रेघांकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्यांचा हात त्यांच्याच तोंडावर गेला.

तिच्यावर कोणी हात उगारला नाही. कोणी शिवीही दिली नाही. ती दिली असती तर बरं झालं असतं. तिरडी बांधून तयार होती, पण उचलायला कोणी पुढे होईना. धडधडत्या पायाला अग्नी द्यायचा कसा? शेवटी म्हाताऱ्यांपैकी एक जण म्हणाले, थांबू द्या. ते थांबेपर्यंत थांबू.

मग सगळी गल्ली अंगणात बसून राहिली. आईने मृणालीकडे पाठ केली होती. मृणालीने टाच सोडली नाही. घड्याळ समोर ठेवून ती मोजत राहिली, कारण तेवढंच तिला येत होतं. बाराला छत्तीस होते. एकला एकोणतीस. दोननंतर मध्येच एखादा चुकायचा, सगळे माना वर करायचे, आणि तो पुन्हा यायचा.

पावणेतीनला मामी तिच्याशेजारी येऊन बसल्या.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अकरा," मृणाली म्हणाली, आणि पुढचा ठोका येतो का, ते दोघी बघत बसल्या.